गुन्हा क्रमांक एकशे एकतीस

ता. ३ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. आम्ही सगळे ठीक आहोत, निदान आज सकाळपर्यंत तरी होतो. तुमचे धाकटे बंधू त्यांच्या दुकानात कुलपांशी झटापट करतात आणि मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांशी. तुमची भाची साडेचार वर्षांची झाली आणि तिच्या उद्योगांना कसली म्हणून सुट्टी नाही.

विषय तिचाच आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून आपण तिला मुंगी म्हणायला लागलो. ते नाव ती इतकं मनावर घेईल असं मला तरी वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात तिने बालवाडीत तीन मुलींना चावे घेतले. मधल्या सुट्टीत वर्गातले सगळे डाव्या पायाचे बूट गोळा करून पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवले आणि बाईंना गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की बूट कंटाळून घरी गेले. बुधवारी तर मुख्याध्यापिकांना त्यांच्याच खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. का लावलीस असं विचारलं तर म्हणाली, की त्या सारख्या बाहेर येत होत्या.

या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मनाने वाईट नाहीत. पण त्या नुकत्याच कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्या. तिथे त्यांना सांगितलं, की लहानपणी ज्या मुलांचं वागणं बिघडलेलं असतं, ती मोठेपणी गुन्हेगारीकडे वळण्याचा संभव जास्त. तेव्हापासून त्या घसरगुंडीवरच्या मुलांकडे अशा बघतात, की जणू सगळी जामिनावर सुटून आली आहेत.

आता त्यांनी एक तक्ता काढलाय. चाळीस प्रश्न. कधीच नाही याला शून्य, कधीकधीला एक, नेहमीला दोन. चाळिसाच्या वर गुण गेले, तर मूल नव्या सत्रात मोठ्या गटात जाणार नाही. त्याला मागच्या अंगणाकडच्या खोलीत निरीक्षण गटात बसवणार, वर्षभर. मी खरंखुरं भरलं आणि मुंगीचे अठ्ठावन्न झाले. तिच्या सगळ्या मैत्रिणी मोठ्या गटात जाणार आणि ही मागे राहणार या विचारानेच मला घास गिळवत नाहीये. चावलेल्या तिघीही तिच्या मैत्रिणीच आहेत.

एकच आशा आहे. तक्त्याला दुसरा भाग जोडलाय: मूल ज्या पालकाच्या वळणावर गेलं असेल त्याचं बालपण. तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने भरायचा आणि तो समाधानकारक असला तर मुलाचे वीस गुण कमी होतात. कुणाच्या वळणावर, हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. तेव्हा तक्ता सोबत पाठवते. तुमच्याशिवाय यांचं बालपण पाहिलेलं कुणी उरलेलं नाही. ताई, तुम्ही एकतीस वर्षं तुरुंगाच्या नोंदी सांभाळल्यात, तुमचा काटेकोरपणा मला माहीत आहे. पण या एका वेळी हात जरा सैल सोडा.

तुमचा जीव आमच्यावर आहे तसाच असू द्या, हे मागणं आजच्या दिवशी जरा स्वार्थाचंच आहे.

आपली,
चष्मेवाली

*

ता. ८ मार्च

चि. सौ. चष्मेवालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मुंगीने मोठ्या बाईंना कडी लावली हे वाचून मी एकटीच हसत बसले आणि मग नोंदीची आठवण होऊन गप्प झाले. कारण हुबेहूब हेच तिच्या बापाने केलं होतं आणि ते माझ्याकडे लेखी आहे.

तुला आमच्या रविवारच्या कोर्टाबद्दल कधी सांगितलं की नाही, आठवत नाही. आमचे वडील नदीवरच्या बोटींवर तिकीट तपासनीस होते. आठवडाभर लोकांना पकडून त्यांचं पोट भरायचं नाही म्हणून रविवारी सकाळी ते आम्हाला पकडायचे. जेवणाच्या टेबलाशी बसून आपली पितळी शिट्टी वाजवायचे, की कोर्ट सुरू. आठवड्याचे गुन्हे वहीत लिहायचं आणि वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. तुझा नवरा कायमचा आरोपी. तो दहा वर्षांचा होईपर्यंत दोनशे चौदा गुन्हे भरले. माझ्या नावावर एकही नाही. शून्य. हे मी मिरवायला सांगत नाही, वहीत आहे म्हणून सांगते.

हात सैल सोड म्हणतेस, ते मला जमणार नाही. एकदा खाडाखोड करायची सवय लागली की नोंदवहीला अर्थ राहत नाही. म्हणून मी वहीतले ठळक गुन्हे कोरे कागद आखून नीट उतरवले. नमुन्यादाखल सांगते. क्रमांक चार: शेजारच्या काकांना संडासात कोंडले. क्रमांक एकोणीस: भिंतीवरचे घड्याळ, आत कोण टिकटिक करते हे पाहण्यासाठी उघडले, कोणी सापडले नाही, बंद करता आले नाही. क्रमांक अठ्ठ्याऐंशी: शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या सायकलची दोन्ही चाके काढून एकावर एक व्यवस्थित ठेवली. क्रमांक एकशे एकतीस: वडिलांची शिट्टी चोरली व कबूल केले नाही.

तू मधे पडून काही गाळशील, ही शंका आली म्हणून पाकीट परस्पर शाळेच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलंय. सत्य वाचून कुणाचं नुकसान होत नाही.

आरोपीला आणि मुंगीला आशीर्वाद. माझ्या शिस्तीवर रुसू नकोस, तीही मायाच आहे.

तुझी,
ताई

*

ता. १५ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

नुकसान झालं.

ताई, तुम्ही कागद आखलेत ते कसे आखलेत ते आठवा. मी शाळेत जाऊन माझ्या डोळ्यांनी पाहून आले. वर रकाने: कैदी क्रमांक, गुन्हा, शिक्षा, शिक्षेतील वर्तन, सुटका. सुटकेच्या रकान्यात तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलंय: नाही, अद्याप घरच्यांच्या ताब्यात. आणि खाली गोल शिक्का. महिला कारागृह, अभिलेख विभाग, तपासून बरोबर आढळले.

एकतीस वर्षांची हाताची सवय म्हणून मी समजू शकते. मोठ्या बाई कशा समजणार? त्यांची खात्री झाली, की मुंगीचे वडील जन्मठेपेवर आहेत आणि आम्ही जगाला ते कुलूपवाले म्हणून सांगतो. महिलांच्या तुरुंगात ते काय करत होते, हा प्रश्नही त्यांना पडला होता, पण सभ्यपणा म्हणून त्यांनी तो विचारला नाही. शाळेच्या सामानाच्या खोलीचं कुलूप गेल्याच महिन्यात यांनी बसवलं होतं. त्याची जादा किल्ली यांच्याकडून त्याच दिवशी परत मागवली. शिपाई किल्ली न्यायला आला तो दुकानाच्या बाहेर रस्त्यापलीकडे उभा राहून हात पुढे करत होता.

यांनी काय केलं म्हणाल, तर तुमच्या नक्कलेचं पहिलं पान मागून घेतलं, दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. घड्याळापाशी तर त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मला मात्र हसू येत नाही. वीस गुण कमी व्हायचे राहिले बाजूला, मोठ्या बाईंनी आणखी दहा वाढवले. मुंगी आता अडुसष्टावर आहे. २८ तारखेला पालकांची बैठक आहे, तिच्यात निकाल लागणार. आमचं काही म्हणणं असेल तर तोवर लेखी द्यायचंय.

आणि हे घरात आम्ही कुजबुजत बोललो, तरी ते तिच्यापर्यंत पोचलंच. तिला तुम्हाला पत्र लिहायचं होतं. ती सांगत गेली तसं मी लिहिलंय, एक शब्द बदललेला नाही. तुमच्याकडून तेवढं शिकले.

तुमच्यावर रागावले आहे, पण लोभाला हात लावलेला नाही.

आपली,
चष्मेवाली

(सोबत)

आत्या,

मी मुंगी. मी बरी आहे. माझा एक दात हलतो तो मी कुणाला दाखवत नाही.

शाळेत सगळे म्हणतात मी मोठी झाल्यावर तुरुंगात जाणार. तू तिथे होतीस ना खूप वर्षं, म्हणून तुला विचारते. खिडकीजवळची गादी कुणाला मिळते? आधी सांगून ठेवलं तर मिळते का? बाहुली नेता येते का? बाहुलीने काहीच केलं नाही पण ती एकटी राहत नाही.

तिथे चावायचं नसेल तर मी नाही चावणार. बाबांना ओळखतात का तिथे? तू तिथे सांगून ठेव की मी तुझी आहे.

मुंगी

*

ता. २० मार्च

चि. सौ. चष्मेवालीस,
अनेक आशीर्वाद.

मुंगीचं पत्र वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं. साडेचार वर्षांच्या पोरीने खिडकीजवळची गादी मागून ठेवावी, यात माझ्या शिक्क्याचा वाटा आहे. तेव्हा आधी शिक्क्याचं सांगते. तो सरकारी आहे. निवृत्तीच्या दिवशी चुकून पर्समध्ये राहिला, असं मी वर्षभर स्वतःला सांगते आहे. खरं म्हणजे तो मला सोडवेना. आज तो परत पाठवला, सोबत माफीचं पत्र जोडून.

मोठ्या बाईंना लिहिलेलं पत्र वेगळं आहे, ते बैठकीत नक्की दे. त्यात काय आहे ते तुला आधी कळायला हवं.

मी त्यांना लिहिलंय, की तुमचं शिबिर खोटं सांगत नाही. आमच्याकडे आत येणाऱ्या प्रत्येकीला मी विचारायचे, की लहानपणी कशी होतीस. भांडखोर होते, उनाड होते, असं सांगणाऱ्या खूप असायच्या. पण मी एक प्रश्न आणखी विचारायचे, तो छापलेल्या कागदावर नव्हता. खोडी केल्यावर घरातलं कोण काय म्हणायचं? बहुतेकींना त्याचं उत्तर सुचायचंच नाही. कुणी म्हणायची मारायचे, कुणी म्हणायची कुणाचं लक्षच नव्हतं. का केलंस असं समोर बसून विचारणारं माणूस फार थोड्या जणींना मिळालं होतं. मुंगीला कडी का लावलीस असं तू विचारलंस आणि तिने कारणही दिलं. मुलांना मागच्या खोलीत बसवलं तर तिथे कारण कोण विचारणार, हे मोठ्या बाईंनी ठरवावं.

आता पुढचं, तेही त्या पत्रात आहे. हे लिहायला मला बेचाळीस वर्षं लागली.

मी मोठ्या बाईंचा तक्ता माझ्या स्वतःच्या लहानपणासाठी भरून पाहिला. आले शून्य. मला क्षणभर बरं वाटलं आणि मग वहीचं एकशे एकतीस नंबरचं पान समोर आलं. शिट्टी माझ्या भावाने चोरली नव्हती. मी चोरली होती. तेरा वर्षांची होते. दर रविवारी ती टेबलावर असायची, मी तिच्याशेजारी बसून लिहायचे आणि मला एकदा, फक्त एकदा ती वाजवायची होती. वडिलांना विचारायचं धाडस झालं नाही. घेतली, शिवणाच्या पेटीत लपवली आणि घरात शोधाशोध झाली तेव्हा कुणी काही विचारायच्या आत सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो सात वर्षांचा होता. मी काही बोलले नाही. उलट वही उघडून माझ्या सुंदर अक्षरात त्याचं नाव लिहिलं. त्या वर्षी मामा त्याला बोटीवर घेऊन जाणार होता, तो दोन महिने दिवस मोजत होता. ते रद्द झालं. नाकबूल केल्याबद्दल वर महिनाभर सगळ्यांचे बूट पुसायची शिक्षा झाली. माझेही पुसले. मी ती शिट्टी कधीच वाजवू शकले नाही.

तेव्हा मोठ्या बाईंना कळू दे, की त्यांच्या तक्त्यात ज्या मुलीला शून्य गुण पडतात ती चोर निघाली, खोटी नोंद करणारी निघाली आणि आमच्या घरातून तुरुंगात गेलेलीही तीच एकटी, मग पगारावर का असेना. आणि दोनशे चौदा गुन्ह्यांचा धनी लोकांच्या घरांच्या किल्ल्या करतो आणि आजवर कुणाची टाचणी हरवलेली नाही.

शिट्टी या पाकिटात घातली आहे. ती मुंगीला दे, तिला विचारून घ्यायची लाज वाटत नाही. तिला सांग, की गादी कुणी राखून ठेवलेली नाही आणि ती माझीच आहे हे मी सगळीकडे सांगून ठेवलंय. हे पत्र तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव. त्याच्या हातात हत्यार नसेल अशी वेळ बघ. मला त्याला स्वतःहून लिहायचं धैर्य नाही.

माया कमी झाली तर ती माझीच कमाई समजेन.

तुझी,
ताई

*

ता. २९ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं काही वाचणार नाही. मुंगी मोठ्या गटात गेली.

बैठकीत मोठ्या बाईंनी तुमचं पत्र स्वतः उभं राहून वाचलं. सुरुवातीला त्यांचा आवाज अगदी कडक होता. शिट्टीपाशी आल्यावर त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुढचं खाली बसून वाचलं. मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की तुमच्यासारखं आपणही आपला तक्ता भरून पाहायला हवा, पण खरं सांगणारं माणूस पाहिजे. त्यांच्या आई शाळेच्या मागेच राहतात. ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं, आठवतं मात्र सगळं. शिपाई त्यांना हाताला धरून घेऊन आला. चाळीस प्रश्न मोठ्याने ओरडून विचारावे लागले, त्यामुळे अख्ख्या रस्त्याने ऐकले. दुसऱ्यांना चावते का, याला म्हातारीने नेहमी असं सांगितलं आणि पुरावा म्हणून बाही वर केली. मोठ्या बाईंचे त्रेसष्ट झाले.

मोठ्या बाईंनी बेरीज पुन्हा करून पाहिली. मग म्हणाल्या, की मला कोणत्या खोलीत बसवायचं ते पालकांनी सांगावं. तिथून पुढे कुणाला गंभीर राहता आलं नाही. निरीक्षण गट रद्द झाला. आता कुणी खोडी केली, की मोठ्या बाई त्याला आपल्या खोलीत समोर बसवून कारण विचारणार आहेत. मुंगीची अट एवढीच, की चावणं थांबवायचं. तिने शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली. शिपाई किल्ली परत देऊन गेला, या खेपेला दुकानात आत आला आणि चहाही घेतला.

यांना पत्र वाचून दाखवलं. हातातला स्क्रू ड्रायव्हर आधी काढून घेतला होता. ते उठले, दुकानात गेले आणि तासभर एकाच कुलपाला तेल घालत बसले. राग आहे की काय, मला उलगडत नाही. तुम्हाला स्वतः लिहिणार म्हणाले, आणि लग्नाला अकरा वर्षं झाली तरी या माणसाने दोन ओळी लिहिलेल्या मी पाहिल्या नाहीत.

शिट्टी मात्र देऊन तुम्ही चांगलं केलं नाहीत. परवापासून आमच्या घरी सारखं कोर्ट सुरू आहे. पहाटे उठल्यापासून मुंगी ती वाजवते, आरोपी म्हणून मांजराला उभं करते, मग मला. माझ्या कानांत दुकानातसुद्धा ती वाजते आणि काल मी एका माणसाला त्याच्या बायकोचा चष्मा बसवला.

आमच्यावर आहे तो लोभ ठेवा, भेटवस्तू मात्र आधी विचारून पाठवा.

आपली,
चष्मेवाली

*

ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं वहीत लिहून ठेव.

तुझं पत्र हिने वाचून दाखवलं. तुला वाटतंय मला आत्ता कळलं. ताई, तुझ्या शिवणाच्या पेटीला ते पिवळं छोटं कुलूप होतं ना, ते मी केसाच्या आकड्याने उघडलं होतं. शिट्टी हरवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला बटणं हवी होती. वर शिट्टीच होती, तुझ्या रुमालात गुंडाळलेली.

रविवारी मी सगळ्यांसमोर सांगणार होतो. पण तू वही उघडून वाचायला लागलीस. तुझं अक्षर पहिल्यांदा ओळीच्या बाहेर गेलेलं मला दिसलं, मला अजून नीट वाचता येत नव्हतं तरी दिसलं. मला वाटलं, माझ्या नावावर एकशे तीस आहेतच, आणखी एकाने काय होतंय. तुझी पाटी कोरी होती. एक जरी पडला असता, तरी तू आठवडाभर जेवली नसतीस. म्हणून गप्प बसलो. बूट पुसताना तुझे जरा जास्त घासले, ते मुद्दाम. बोटीचं वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. नंतरही कधी जाणं झालं नाही. तू इकडे ये, मुंगीला घेऊन तिघं जाऊ. तिकिटं तू काढ, मग फिटंफाट.

आता दुसरं. शिट्टी सोमवारपासून गायब आहे. हिने सगळं घर पालथं घातलं, म्हणजे तसं दाखवलं. ही शोधत असताना मी हिचा चेहरा बघत होतो. इतका शांत चेहरा मी एकदाच पाहिलाय, बेचाळीस वर्षांपूर्वी. दुपारी ही कामावर गेल्यावर मी डबे उघडले. मिठाच्या डब्यात तळाशी होती.

मुंगी तोवर रडवेली झाली होती, कारण सगळ्यांनी तिच्याचकडे पाहिलं होतं. म्हणून संध्याकाळी हिला सांगितलं, की शिट्टी माझ्या हातून गटारात पडली. शिक्षा झाली आहे, महिनाभर भांडी मी घासायची. मी कबूल केल्यावर ही जरा बावरली आणि तिने रात्री मला दोनदा वाढलं. मुंगीने मला आपली बाहुली दिली आहे, शिक्षा संपेपर्यंत.

मिठाच्या डब्यातून काढली तेव्हा मी ती एकदाच वाजवली, उशीत तोंड खुपसून, आणि परत होती तशी ठेवली. तेव्हाही असंच केलं होतं. तुझी राहिलीच आहे ना वाजवायची. तू आलीस की डबा कुठे आहे ते दाखवीन.

येताना वही आण. क्रमांक दोनशे पंधरा माझ्याच नावावर लिही.

तुझा,
कायमचा आरोपी